तारे किती दूर आहेत, आणि ते मोजले कोणी?

शब्बाथशाळेत अब्राहामाचा धडा आला की मुलांना तारे मोजण्याची गोष्ट सांगावीच लागते. बहुतेक मुले 'तारे किती?' एवढे विचारून थांबतात. परंतु प्रत्येक वर्गात एखादे मूल असे असते की ते तेवढ्यावर थांबत नाही. "तारे लांब किती आहेत? आणि तिथे जाऊन मोजले कोणी?" असे ते विचारते. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून चांगला आहे असे आम्हांला वाटते, आणि म्हणूनच या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही तो घेतला आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. 'ते माणसाला कळायचे नाही, देवालाच ठाऊक', हे एक. हे उत्तर भक्तिभावाने दिलेले असते, पण ते खरे नाही. ताऱ्यांची अंतरे माणसाने मोजली आहेत. तेच मूल वरच्या इयत्तेत गेले की ती अंतरे त्याला क्रमिक पुस्तकात छापलेली दिसतात. आपल्या शिक्षकांनी सांगितले ते चूक होते हे त्याला तेव्हा कळते आणि मग त्यांनी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींकडेही ते त्याच नजरेने पाहू लागते. हे नुकसान लहान नाही. दुसरे उत्तर म्हणजे पुस्तकातला एखादा भलामोठा आकडा वाचून दाखवणे. आकडा खरा असतो, मुले तोंडात बोट घालतात आणि धडा संपतो. उद्या दुसऱ्या कोणी निराळा आकडा सांगितला तर कोणता खरा मानायचा, हे ठरवण्याचे साधन मात्र त्यांच्या हाती आलेले नसते. तेव्हा आकडे थोडे आणि ते कसे मिळाले याची हकिकत अधिक, असा क्रम आपण ठेवू या.

अंगठा आणि चिंचेचे झाड

हात पुढे ताठ धरून अंगठा उभा करावा. एक डोळा मिटून अंगठा समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेवर आणावा, मग तो डोळा उघडून दुसरा मिटावा. अंगठा जागचा हललेला नाही, तरी तो खुणेवरून बाजूला सरकलेला दिसतो. आता अंगठा नाकाजवळ आणून तेच करावे. सरकणे फार वाढते. पाहण्याची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूंच्या मानाने सरकते, आणि जेवढी जवळ तेवढी जास्त सरकते. या सरकण्याला शास्त्रज्ञ पराशय म्हणतात. शब्द अवघड वाटला तर मुलांना तो न सांगितला तरी चालेल. अंगठा मात्र प्रत्येकाने धरून पाहिलाच पाहिजे.

यावरून अंतर कसे काढायचे? समजा मंदिराच्या आवारात आपण उभे आहोत आणि ओढ्यापलीकडे एक चिंचेचे झाड आहे. ओढा न ओलांडता ते किती दूर आहे हे सांगायचे आहे. जमिनीवर २० मीटरची सरळ रेषा आखावी. तिच्या एका टोकाशी झाड बरोबर काटकोनात दिसेल अशी ती आखली म्हणजे सोपे जाते. दुसऱ्या टोकाशी जाऊन मोठ्या कोनमापकाने झाडाचा कोन मोजावा. समजा तो ७६ अंश आला. आता कागदावर २० मीटरच्या जागी १० सेंटीमीटरची रेषा घेऊन तेच दोन कोन काढावेत. दोन्ही रेषा जिथे मिळतील तिथे झाड. कागदावर ते सुमारे ४० सेंटीमीटरवर येते, म्हणजे प्रत्यक्षात ८० मीटरवर. झाडाला कोणी हात लावला नाही, तरी अंतर कळले.

आणखी एक गोष्ट येथेच करून घ्यावी. २० मीटरच्या जागी १ मीटरची रेषा घेऊन तोच प्रयोग पुन्हा करावा. आता दुसऱ्या टोकाचा कोन ८९ अंशांच्याही थोडा वर येतो, आणि तो काटकोनापासून निराळा आहे की नाही हे आपल्या कोनमापकाला धड सांगता येत नाही. झाड तेच, जागा तीच, पण रेषा आखूड पडली. या लेखात यापुढे जे काही येणार आहे ते सगळे या आखूड रेषेच्या अडचणीतून निघालेले आहे.

चंद्र आणि सूर्य

चंद्र मोजायला पृथ्वी पुरते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात हिपार्कस नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदाने एका सूर्यग्रहणाचा उपयोग केला. हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीजवळ त्या दिवशी सूर्य पूर्ण झाकला गेला होता, तर दूर दक्षिणेस अलेक्झांड्रियात त्याचा पाचवा हिस्सा उघडा राहिला होता. दोन गावे म्हणजे दोन डोळे, आणि चंद्र म्हणजे अंगठा. त्याचे उत्तर खऱ्याच्या बरेच जवळ आले. खरे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या पहिल्या अंतराळवीरांनी तेथे परावर्तक आरसे ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावर आपटून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो, आणि त्या वेळावरून चंद्राचे अंतर आता सेंटीमीटरांपर्यंत सांगता येते. चंद्र दर वर्षी सुमारे पावणेचार सेंटीमीटर दूर जात आहे, हेही त्यातूनच कळले.

सूर्यापाशी मात्र पृथ्वी आखूड पडू लागते. १६७२ साली मंगळ पृथ्वीजवळ आला असताना पॅरिसहून कासिनीने आणि दक्षिण अमेरिकेतील कायेन येथून रिशेने एकाच सुमारास त्याचे वेध घेतले. ग्रहांच्या अंतरांचे परस्परप्रमाण केप्लरच्या नियमांवरून आधीच माहीत होते, त्यामुळे मंगळाचे अंतर मिळताच सूर्याचेही मिळाले. ते सुमारे १४ कोटी किलोमीटर आले. आणखी अचूकपणासाठी शुक्राच्या अधिक्रमणाची, म्हणजे शुक्र सूर्याच्या तबकडीवरून सरकताना दिसण्याची, वाट पाहावी लागली. हा योग १७६१ आणि १७६९ साली आला आणि त्यासाठी वेधकर्ते जगाच्या कानाकोपऱ्यांत गेले.

त्यांतील एकाची हकिकत आपल्या देशाशी जोडलेली आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. ल जांती हा फ्रेंच ज्योतिर्विद १७६० साली पाँडिचेरीला यायला निघाला. वाटेत इंग्रज-फ्रेंच युद्ध आडवे आले. हिंदुस्थानच्या किनाऱ्याजवळ पोहोचल्यावर पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेल्याचे कळले आणि जहाज मागे फिरले. अधिक्रमणाच्या दिवशी आकाश निरभ्र होते, पण हा भर समुद्रात होता. डोलणाऱ्या जहाजावरून कसला वेध घेणार? पुढचे अधिक्रमण आठ वर्षांनी होते. तो मायदेशी परतला नाही, पूर्वेकडेच राहिला. पाँडिचेरी पुन्हा फ्रेंचांकडे आल्यावर त्याने तेथे लहानशी वेधशाळा उभारली. १७६९ च्या जूनमधील ती सकाळ उजाडली ती ढग घेऊन. शुक्र सूर्यावरून जाईपर्यंत ढग हटले नाहीत, आणि गेल्यावर लख्ख ऊन पडले. १७७१ साली तो फ्रान्सला पोहोचला तेव्हा तो मेला असे समजून वारसांनी त्याची मालमत्ता वाटून घेण्याची तयारी चालवली होती आणि विद्वत्सभेतील त्याची जागाही दुसऱ्याला दिलेली होती. आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो त्या आकड्यामागे अशीही माणसे आहेत, आणि त्यांच्या नावावर आकडा काही लागलेला नाही.

इतरांचे वेध जमले आणि सूर्याचे अंतर हळूहळू पक्के होत गेले. १९६१ साली शुक्रावर रडारच्या लहरी आपटवून ते आणखी नेमके करण्यात आले. सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो.

पावणेतीनशे वर्षांहून लांब वाट

आता तारे. इंदूरच्या वाचकांनी उज्जैनची जयसिंहाची वेधशाळा पाहिलीच असेल. अठराव्या शतकातील त्या दगडी यंत्रांतून सूर्य-ताऱ्यांचे कोन दुर्बिणीवाचून मोजता येत. पण एका जागेवरून कोन कितीही काळजीपूर्वक मोजला तरी तारा कोणत्या दिशेला आहे एवढेच कळते. किती दूर आहे हे कळत नाही. त्यासाठी दुसरी जागा पाहिजे, आणि ताऱ्यांसाठी पृथ्वीवरील कोणत्याही दोन जागा फारच जवळजवळ आहेत.

मग लांब रेषा आणायची कोठून? पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर ती आपल्यालाच घेऊन फिरते. आज जिथे आहोत तेथून सहा महिन्यांनी आपण सुमारे ३० कोटी किलोमीटर पलीकडे असतो. एवढी लांब रेषा फुकट मिळाली. आज एक वेध, सहा महिन्यांनी दुसरा, आणि जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या मानाने सरकलेला दिसला पाहिजे.

कोपर्निकसने पृथ्वी फिरते असे १५४३ साली छापले तेव्हा त्याच्या विरोधकांनी नेमकी हीच मागणी केली : फिरते ना, मग तारे सरकताना दाखवा. या विरोधकांना आपण अडाणी ठरवून मोकळे होतो, ते आम्हांला बरोबर वाटत नाही. टिको ब्राहे याच्यासारखा डोळ्याने वेध घेणारा दुसरा माणूस त्या काळी युरोपात नव्हता. त्याला सरकणे दिसले नाही. एक तर पृथ्वी स्थिर आहे, किंवा तारे इतके दूर आहेत की मध्ये अफाट पोकळी मानावी लागेल, आणि एवढी रिकामी जागा कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. त्याची परीक्षा योग्य होती. यंत्र तोकडे होते, आणि पोकळी खरोखरच तेवढी अफाट होती.

१७२८ साली इंग्लंडमध्ये ब्रॅडलीने एका ताऱ्याचे वर्षभरातील सरकणे पकडले, पण ते अपेक्षेपेक्षा निराळ्या दिशेने होते. सरळ पडणाऱ्या पावसातून पळताना छत्री पुढे कलती धरावी लागते, तशी धावत्या पृथ्वीवरून पाहताना दुर्बीण किंचित कलती धरावी लागते, हा त्याचा अर्थ निघाला. पृथ्वी फिरते याचा तो पुरावा झाला, परंतु ताऱ्याचे अंतर काही मिळाले नाही.

ते मिळाले १८३८ साली. ब्रेमेन शहरातील एका व्यापारी पेढीवर वयाच्या चौदाव्या वर्षी उमेदवारीला लागलेला, विद्यापीठात कधीच न शिकलेला बेसेल हा तोवर क्योनिग्सबर्ग येथील वेधशाळेचा प्रमुख झाला होता. त्याने हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाचा एक मंद तारा निवडला. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो. मग तोच का? कारण तो इतर ताऱ्यांच्या मानाने आकाशात वर्षानुवर्षे भराभर पुढे जातो. समोरच्या रस्त्यावरची सायकल दूरच्या आगगाडीपेक्षा वेगाने जाताना दिसते, तसाच हाही जवळचा असावा, असा त्याचा कयास होता. वर्षभराहून अधिक काळ रात्रीमागून रात्र मोजून त्याला सरकणे सापडले. त्याचा कोन होता एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी. एक अंश म्हणजे ३,६०० विकला. दोन सेंटीमीटरचे एक नाणे तेरा-चौदा किलोमीटरवर ठेवले तर ते जेवढे दिसेल तेवढा हा कोन. टिको ब्राहेला तो दिसला नाही यात नवल ते काय?

त्यावरून अंतर आले सुमारे १० प्रकाशवर्षे. आजच्या मोजणीने ते ११.४ आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. वर्षभरात तो जेवढा जाईल ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, काळाचे नव्हे, हे मुलांना दोनदा सांगावे.

खरे तर बेसेलच्या आधीच १८३२-३३ साली दक्षिण आफ्रिकेतील केप येथे हेंडरसन या स्कॉटिश ज्योतिर्विदाने 'मित्र' या दक्षिणेकडील तेजस्वी ताऱ्याचे वेध घेतले होते. हाही मूळचा वकिलाच्या कचेरीतला माणूस. त्याच्या आकड्यांत अंतर दडलेले होते, पण त्यावर त्याचाच विश्वास बसेना. पूर्वी अनेकांनी 'सापडले' म्हणून घोषणा केल्या होत्या आणि त्या खोट्या ठरल्या होत्या. त्याने ते प्रसिद्ध केले १८३९ साली, बेसेलच्या मागून. मान बेसेलला गेला. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजारी मात्र हेंडरसनच्याच वाट्याला आला होता. मित्र हा ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याच्या परिवारातील एक फार मंद तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर.

वडोदऱ्यातील हरभरा

हे अंतर मनात बसावे म्हणून एक हिशेब करू. पृथ्वी सूर्यापासून एक मीटरवर आहे असे माना. मग सूर्य होतो हरभऱ्याच्या दाण्याएवढा आणि पृथ्वी एखाद्या धुळीच्या कणाएवढी. सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून हरभऱ्यापासून ३० मीटरवर येतो. मंदिराच्या आवारात अख्खी सूर्यमाला मावते. आता हा हरभरा वडोदऱ्यात ठेवला तर मित्र हा तारा कोठे ठेवावा लागेल? सुमारे २७६ किलोमीटरवर, म्हणजे सरळ रेषेत जवळजवळ इंदूरला. वडोदऱ्यात एक हरभरा, इंदुरात दुसरा, आणि मधल्या सगळ्या मुलखात जवळजवळ काही नाही. माणसाने सोडलेले सर्वांत दूरचे यान व्हॉयेजर-१ हे १९७७ साली निघाले आणि २०२५ अखेर सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर पोहोचले. या नकाशात ते वडोदऱ्यातील हरभऱ्यापासून पावणेदोनशे मीटरही गेलेले नाही.

आकाश हे एक घुमटासारखे छत आहे आणि तारे त्यात जडवलेले आहेत, असे आपल्या डोळ्यांना वाटते. अंतरे कळल्यावर ते छत राहात नाही. ईयोबाच्या पुस्तकात कृत्तिकांचे नाव आलेले आहे; हिवाळ्यात तो पुंजका वर आला की त्याच्याजवळच लालसर रोहिणी दिसते, आणि रोहिणीभोवती मंद ताऱ्यांचे इंग्रजी 'व्ही' अक्षर. रोहिणी त्या अक्षराचे टोक आहे असे वाटते. प्रत्यक्षात रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, अक्षरातील बाकीचे तारे सुमारे १५० वर आणि कृत्तिका ४४० च्या पुढे. रस्त्यावरचा दिवा आणि मागच्या डोंगरावरचा दिवा एकाच रेषेत आले म्हणजे शेजारी दिसतात, तसेच हे.

कृत्तिकांच्या अंतरावरून तर शास्त्रज्ञांत चांगलाच वाद झाला. १९८९ ते १९९३ या काळात हिपार्कस नावाच्या उपग्रहाने एक लाखाहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले. त्याच्या आकड्यांनी कृत्तिका सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर आल्या, तर इतर सर्व रीतींनी ४३० च्या पुढे येत होत्या. इतक्या अचूक यंत्राचा आकडा नाकारायचा कसा? कित्येक वर्षे हा प्रश्न भिजत पडला. २०१४ साली एकमेकांपासून फार दूर असलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून स्वतंत्र मोजणी झाली, ती ४४४ प्रकाशवर्षे आली, आणि पुढे गाया या उपग्रहाने तिलाच दुजोरा दिला. एक आकडा दोन निरनिराळ्या वाटांनी काढावा आणि जुळतो का ते पाहावे, हा नियम शिक्षकांनी या उदाहरणावरून सांगावा. २०१३ साली सोडलेल्या आणि २०२५ साली काम संपवलेल्या या गायाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या जागा टिपल्या. हैदराबादच्या मंडळींना येथे एक आठवण द्यावीशी वाटते : विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या तेथील निजामिया वेधशाळेने साऱ्या जगाच्या आकाश-नकाशाच्या कामात आपल्या वाट्याचा पट्टा उचलला होता आणि काचेच्या पट्ट्यांवरील लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून त्यांचे ग्रंथ छापले होते.

दिव्याची ओळख

पराशयालाही सीमा आहे. फार दूरच्या ताऱ्यांचे सरकणे इतके सूक्ष्म होते की तेथे अंगठ्याचा प्रयोग निरुपयोगी ठरतो. तेथे दुसरी युक्ती लागते, आणि ती सापडली एका बाईला.

हेन्रिएटा लेविट ही एका काँग्रिगेशनल पाळकाची मुलगी. (आपल्यातील ज्या मंडळ्यांची मुळे अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहेत त्यांना हा पंथ परका नाही.) तिला ऐकू कमी येत असे. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत काचेवरील छायाचित्रे तपासून ताऱ्यांचे तेज मोजण्याचे काम ती करी. मजुरी तासाला तीस सेंट. ज्यांचे तेज ठराविक दिवसांनी कमीजास्त होते अशा रूपविकारी ताऱ्यांचा शोध तिच्याकडे होता. दक्षिण आकाशातील मॅगेलनच्या मेघांत तिने असे १,७७७ तारे शोधले. त्यांतील काही तारे १९१२ साली तिने तपासले तेव्हा एक नियम दिसला : ज्याचे तेज सावकाश कमीजास्त होते तो तारा अधिक तेजस्वी. तो मेघ आपल्यापासून इतका दूर आहे की त्यातील सगळे तारे जवळपास एकाच अंतरावर आहेत असे मानता येते; म्हणून अधिक तेजस्वी दिसणारा तारा तेथे खरोखरच अधिक तेजस्वी असतो.

याचे महत्त्व असे. रात्री दूर एक दिवा दिसतो. तो जवळचा मिणमिणता कंदील आहे की लांबची पेट्रोमॅक्स, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पण तो किती शक्तीचा दिवा आहे हे कोणी सांगितले, तर तो दिसतो किती मंद यावरून अंतर काढता येते; दुप्पट दूर नेला की तेज चौथाई होते, तिप्पट दूर नेला की नववा हिस्सा. लेविटचे तारे आपली शक्ती आपणच सांगतात, फक्त दिवस मोजायचे. १९२३ साली हबलने देवयानी तारकासमूहातील धूसर ठिपक्यात असा एक तारा पकडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचे दाखवले. त्याचा आकडा होता सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. १९५२ साली बाडे यांनी असे तारे दोन जातींचे असतात हे दाखवल्यावर तो एकदम दुपटीहून वाढला. आज तो सुमारे २५ लाख मानतात. खालची पायरी दुरुस्त झाली की वरच्या सगळ्या हलतात. लेविट १९२१ साली वारली. १९२५ साली एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी तिचे नाव सुचवण्याच्या इराद्याने पत्र लिहिले, तेव्हा ती हयात नाही हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याही पलीकडे प्रकाशाच्या रंगातील बदलावरून अंतरे काढतात. त्यात शिरायला येथे जागा नाही. एवढेच सांगतो की पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ज्या तीस मोठ्या रेडिओ तबकड्या आहेत, त्यांनी पकडलेला एका दीर्घिकेतील हायड्रोजन वायूचा संदेश ८८० कोटी वर्षे प्रवास करून आलेला होता, असे २०२३ साली जाहीर झाले. वाटेत आडव्या आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखे काम केले म्हणून तो क्षीण संदेश ऐकू तरी आला.

वर्गात करण्यासाठी

आपल्या व्यासपीठांवरून एक दृष्टांत वारंवार ऐकू येतो : 'तुम्ही पाहता त्यांतील पुष्कळ तारे केव्हाच विझून गेले आहेत, त्यांचा प्रकाश तेवढा येत आहे.' ऐकायला हे गंभीर वाटते, पण नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत ते जवळजवळ कधीच खरे नसते. हे तारे बहुतेक काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत आणि ताऱ्यांचे आयुष्य लाखो ते अब्जावधी वर्षांचे असते. मृग नक्षत्रातील लालसर काक्षी हा म्हातारा तारा खरा, पण त्याच्याही आयुष्याची सुमारे लाखभर वर्षे उरली असावीत असा अंदाज आहे. गंमत अशी की एवढा तेजस्वी असूनही त्याचे अंतर पक्के नाही. निरनिराळ्या मोजण्यांत ते ५०० ते ७०० प्रकाशवर्षे येते. तो इतका फुगलेला आणि डागाळलेला आहे की त्याचे सरकणे त्याच्या स्वतःच्या रुंदीहून पुष्कळ लहान पडते आणि मध्यबिंदू धरायचा कोठे हेच कळत नाही. शिक्षकांनी हा दृष्टांत सोडून द्यावा अशी आमची विनंती आहे.

त्याऐवजी मुलांना आपापला तारा शोधू द्यावा. साडेआठ वर्षांच्या मुलाने व्याध पाहावा. त्याचा आज दिसणारा प्रकाश मूल जन्मले त्या सुमारास निघाला. साडेअकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रश्वा. सतराव्या वर्षाच्या आसपासच्या तरुण संघवाल्यांसाठी श्रवण, पंचविशीतल्या शिक्षिकेसाठी अभिजित, सदतिशीसाठी स्वाती, आणि निवृत्त झालेल्या वडीलजनांसाठी रोहिणी. ऐंशीच्या जवळ पोहोचलेल्या आजीबाईंसाठी मघा आहे. कृत्तिकांचा प्रकाश मात्र १५८० च्या सुमाराचा, म्हणजे पुढे मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स गोव्यात नुकतेच उतरले होते त्या काळातला. देवयानीतील तो धूसर ठिपका नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंधाऱ्या रात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास, दुर्बिणीवाचून दिसतो.

हेंडरसनचा मित्र पाहायचा असेल तर मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेकडे पाहावे. क्षितिजालगत दोन ठळक तारे शेजारी शेजारी असतात. त्यांतील डावीकडचा अधिक तेजस्वी तो मित्र. बेळगावहून तो तेरा अंशांपर्यंत वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीहून थोडा उंच. ग्वाल्हेरहून जेमतेम तीन अंश येतो, तेव्हा तिकडच्या शिक्षकांनी दक्षिणेला झाड किंवा इमारत आड येणार नाही अशी जागा आधी दिवसा पाहून ठेवावी.